गॅसच्या अनुदानात पाणी कुठं मुरतंय, हे सभागृहात विचारायचं कसं?

कोल्हापुरात सकाळी साडेसातला मिसळीच्या एखाद्या गाड्यामागं डोकावून बघा. कटाच्या पातेल्याखाली जाळ फुरफुरत असतो आणि नळी जिथं संपते तिथं बऱ्याचदा १९ किलोच्या व्यावसायिक टाकीऐवजी घरगुती लाल टाकी उभी असते, अंगावर पोतं टाकलेली. ती कुणाच्या तरी नावावर बुक झालेली असते.

आमच्या गल्लीतल्या एका मावशींना हे दोन वर्षांपूर्वी कळलं. उज्ज्वलाचं कनेक्शन, घरात माणसं दोन, पाणी तापवणं आणि भाकरी अजून चुलीवरच. पुण्याहून आलेल्या भाचीनं सहज कंपनीच्या अॅपवर त्यांचा ग्राहक क्रमांक टाकला, तर वर्षात आठ टाक्या घरपोच झाल्याची नोंद. मावशी म्हणाल्या, "मी तर तीनच घेतल्या की. ऱ्हायलेल्या पाच कुणाच्या चुलीत गेल्या?"

मावशींचा हा प्रश्न गल्लीतून विधानभवनापर्यंत, आणि जमलं तर संसदेपर्यंत न्यायचा कसा, ते इथं सांगतो. मी नऊ वर्षं एका आमदारांच्या संपर्क कार्यालयात बसून प्रश्न, लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडं मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना) आणि निवेदनं लिहिली. आपल्याला मोर्चा काढायला कुणी शिकवायची गरज नाही, टोलच्या वेळी ते सगळ्या महाराष्ट्रानं बघितलंय. पण अनुदानाच्या हिशेबाला मोर्चा पुरत नाही. तिथं कागद लागतो, आणि तो योग्य टेबलावर पडावा लागतो.

आधी बघा, पैसा कुणाच्या तिजोरीतला

नवीन माणूस हमखास इथंच चुकतो. मीही चुकलो. उज्ज्वलाच्या टाक्यांबद्दलचा माझा पहिला प्रश्न मी राज्याच्या अन्न व नागरी पुरवठा मंत्र्यांना उद्देशून लिहिला. रात्री जागून, मुद्दे काढून. तो परत आला, एका ओळीच्या शेऱ्यासह: विषय केंद्र शासनाच्या अखत्यारीतील. एक अख्खं अधिवेशन हातातून गेलं.

इंधनाच्या अनुदानाचा पैसा तीन वाटांनी येतो. पहिली वाट दिल्लीची. प्रधानमंत्री उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातल्या बलियात सुरू झाली, आणि आठ कोटी कनेक्शनचा टप्पा गाठल्याचा कार्यक्रम सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्याच औरंगाबादेत झाला. उज्ज्वलाच्या लाभार्थी महिलेला मे २०२२ पासून १४.२ किलोच्या टाकीमागं २०० रुपये आणि ऑक्टोबर २०२३ पासून ३०० रुपये बँक खात्यात मिळतात. वर्षाला किती टाक्यांवर मिळतात, तो आकडा बदलतो. आधी १२ होत्या, २०२५-२६ साठी ९ केल्या.

दुसरी वाटही दिल्लीचीच, पण ती कुणाच्या पासबुकात दिसत नाही. घरगुती गॅसचा भाव सरकार दाबून ठेवतं, त्यात इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम, हिंदुस्तान पेट्रोलियम या सरकारी कंपन्यांना तोटा होतो आणि नंतर सरकार तो भरून देतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यासाठी २२,००० कोटी रुपये मंजूर झाले, ऑगस्ट २०२५ मध्ये ३०,००० कोटी. "आम्हाला अनुदान जमाच होत नाही, मग आमची टाकी हॉटेलात गेली तर सरकारचं काय बुडालं?" असं म्हणणारे खूप भेटतात. बुडालं ते या वाटेवर. शिवाय घरगुती गॅसवर ५ टक्के जीएसटी आहे आणि व्यावसायिक गॅसवर १८ टक्के, म्हणजे तिथंही कर चुकला.

तिसरी वाट मुंबईची. जून २०२४ च्या राज्य अर्थसंकल्पात मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना आली आणि ३० जुलै २०२४ रोजी तिचा शासन निर्णय निघाला. उज्ज्वला आणि लाडकी बहीण योजनेतल्या पात्र कुटुंबांना वर्षाला तीन टाक्यांची रक्कम राज्य देतं. हा पैसा महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पातला, म्हणून त्याचा जाब विधानसभेत आणि विधान परिषदेत.

आता यातली गोम. अनुदान दिल्लीचं असलं तरी घरगुती टाकी हॉटेलात पकडायची जबाबदारी राज्याच्या पुरवठा यंत्रणेवरही आहे. जीवनावश्यक वस्तू अधिनियम १९५५ आणि गॅस वितरणाचा २००० सालचा नियंत्रण आदेश ही तिची हत्यारं. त्यामुळं "उज्ज्वलाचे पैसे कुठं गेले" हे आमदार विचारू शकत नाही, पण "जिल्हा पुरवठा कार्यालयानं किती ठिकाणी तपासणी केली, किती टाक्या जप्त केल्या" हे नक्की विचारू शकतो. माझा परत आलेला प्रश्न मी पुढच्या अधिवेशनात याच दारातून आत घातला.

थोडक्यात, एकाच टाकीचे दोन प्रश्न होतात. एक खासदाराकडं, एक आमदाराकडं. दोन्ही एकाच कागदावर लिहू नका.

पुरावा स्वतःच्या उंबऱ्यापासून

"आमच्या भागात लई घोटाळा चाललाय" या वाक्याला कुठल्याही सभागृहात किंमत नाही. पंधरा-वीस घरांची नोंद करा. वही पुरते. प्रत्येक घरासाठी गेल्या बारा महिन्यांतल्या घरपोच झालेल्या टाक्यांची यादी अॅपवरून किंवा एजन्सीतून घ्या, त्याशेजारी घरच्या बाईला आठवतात तेवढ्या टाक्या लिहा, आणि तिसऱ्या रकान्यात जमा झालेली रक्कम. पहिल्या दोन रकान्यांत फरक दिसला की तिथं बोट ठेवा.

मग विचारा की डिलिव्हरीचा कोड कुणाच्या मोबाइलवर येतो. टाकी देताना ग्राहकाच्या फोनवर आलेला आकडा सांगावा लागतो, ही व्यवस्था चोरी थांबावी म्हणूनच आणली. ती मोडायच्या दोन युक्त्या मी स्वतः बघितल्यात. एक म्हणजे सकाळीच फोन, "मावशी, कोड सांगा, संध्याकाळी टाकी आणतो." संध्याकाळ उजाडतच नाही. दुसरी जास्त बेरकी: कनेक्शन देताना फॉर्मवर बाईचा नंबर टाकायचाच नाही. आमच्या मावशींच्या नावावर जो मोबाइल नंबर होता तो त्यांच्या घरातला, भावकीतला, ओळखीतला, कुणाचाच नव्हता.

खातंही तपासा. अनुदान आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातं, आणि कित्येकींना ते खातं कुठलं हेच माहीत नसतं. २०१७ मध्ये देशभर असा प्रकार उघडकीला आला होता: मोबाइलचं सिम आधारशी जोडताना लोकांच्या नकळत पेमेंट बँकेत खाती उघडली गेली आणि गॅसचं अनुदान तिकडं वळलं. बँकेत जाऊन आधार कुठल्या खात्याला जोडलंय एवढं विचारायला दहा मिनिटं लागतात.

वजनाचं थोडक्यात सांगतो. रिकाम्या टाकीचं वजन टाकीवरच लिहिलेलं असतं. त्यात १४.२ मिळवा. तेवढं भरलं पाहिजे, आणि टाकी आणणाऱ्यानं काटा सोबत आणला पाहिजे. "काटा गाडीत राहिला" हे उत्तर चालवून घेऊ नका.

वहीत आधार क्रमांक पूर्ण लिहू नका, शेवटचे चार आकडे बास. आणि प्रत्येकीची सही किंवा अंगठा घ्या. पुढं चौकशीला कोणी आलं की निम्मी माणसं "मला काय माहीत नाही" म्हणतात. त्यात त्यांचा दोष नाही, उद्या टाकी त्याच एजन्सीतून घ्यायची असते.

पोच, शिक्का, आणि माहितीचा अधिकार

वही झाली की एका पानाचं निवेदन तयार करा आणि नागाळा पार्कातल्या जिल्हाधिकारी कार्यालयात जिल्हा पुरवठा अधिकाऱ्यांच्या नावानं द्या. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि गोल शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका. हा शिक्का पुढं सोन्याच्या भावाचा ठरणार आहे, का ते प्रश्न लिहिताना कळेल. काहीच हालचाल झाली नाही तर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तिथं विषय न्या.

मग माहिती अधिकाराचा अर्ज. राज्याच्या कार्यालयाला अर्ज करताना महाराष्ट्राचा नियम आहे, एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत. दहा रुपयांचं कोर्ट फीचं तिकीट लावा. अर्जदार दारिद्र्यरेषेखालचा असेल तर तेही लागत नाही. ३० दिवसांत उत्तर आलं पाहिजे. नाही आलं तर त्यापुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील आणि मग ९० दिवसांत दुसरं, ते आपल्यासाठी राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडं. तेल कंपनीकडं अर्ज वेगळा, दुसरं अपील दिल्लीला केंद्रीय माहिती आयोगाकडं.

काय विचारायचं यात खरी कसोटी आहे. "का" विचारू नका. "कारवाई का केली नाही?" या प्रश्नाला "अशी माहिती अभिलेखावर उपलब्ध नाही" एवढं उत्तर पुरतं. संख्या विचारा, तारखा विचारा, प्रती विचारा. ठरावीक आर्थिक वर्षात करवीर तालुक्यात घरगुती टाकीच्या व्यावसायिक वापराबद्दल किती तपासण्या झाल्या, तपासणी अहवालांच्या प्रती, जप्त टाक्यांची संख्या, दाखल गुन्ह्यांची संख्या. कंपनीकडं विचारताना एजन्सीनिहाय उज्ज्वला ग्राहकांची संख्या आणि एकाच दिवसात एका ग्राहकाला दोन किंवा जास्त टाक्या दिल्याच्या नोंदींची संख्या मागा. लाभार्थ्यांची नावं मागू नका. ती वैयक्तिक माहिती म्हणून नाकारतील आणि त्या निमित्तानं अख्खा अर्ज बाजूला पडेल.

कॅगचा अहवाल कसा वाचावा

एका दिवसात दोन टाक्या, हा निकष माझ्या डोक्यातला नाही. तो भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग, यांच्या उज्ज्वलावरच्या २०१९ च्या अहवाल क्रमांक १४ मधला आहे. तो डिसेंबर २०१९ मध्ये संसदेत मांडला गेला. एकच टाकी असलेल्या उज्ज्वला ग्राहकांना एका दिवसात २ ते २० टाक्या दिल्याच्या ३.४४ लाख नोंदी त्यांना सापडल्या. १३.९६ लाख लाभार्थ्यांनी एका महिन्यात ३ ते ४१ टाक्या घेतल्याचं दिसत होतं. आणि त्याच वेळी ३.१८ कोटी लाभार्थ्यांचा वर्षाचा सरासरी वापर होता ३.२१ टाक्या. हे आकडे शेजारी ठेवून बघा. बहुतेकींना चौथी टाकी परवडत नाही, आणि काहींच्या नावावर महिन्याला चाळीस. आमच्या मावशी या दोन्ही आकड्यांत एकदमच बसतात.

कॅगचा अहवाल जाडजूड असतो. पहिल्यांदा फक्त सुरुवातीचा सारांश आणि शेवटच्या शिफारशी वाचा. मग अनुक्रमणिकेत आपल्या विषयाचा परिच्छेद शोधा आणि त्याचा क्रमांक वहीत उतरवून घ्या. आमदार किंवा खासदाराच्या हातात परिच्छेद क्रमांक असला की समोरचा अधिकारी सावरून बसतो.

दुसरा अहवाल २०१६ चा क्रमांक २५, बँक खात्यात थेट अनुदान देण्याच्या 'पहल' योजनेवरचा. तो मी नवीन मुलांना मुद्दाम वाचायला लावतो. थेट खात्यात पैसे दिल्यामुळं गळती थांबली आणि हजारो कोटी वाचले असा सरकारचा दावा होता. कॅगनं एप्रिल ते डिसेंबर २०१५ चे आकडे आदल्या वर्षाच्या त्याच नऊ महिन्यांशी ताडून बघितले. अनुदान सुमारे २३,३१६ कोटींनी घटलं होतं खरं, पण त्यातले सुमारे २१,५५२ कोटी जागतिक बाजारात भाव पडल्यामुळं प्रति टाकी अनुदानच कमी झालं म्हणून. टाक्या कमी उचलल्या गेल्यामुळं झालेली घट १,७६४ कोटींच्या आसपास. कुणी "आम्ही एवढे कोटी वाचवले" म्हणालं, किंवा उलट "एवढ्या कोटींचा घोटाळा" म्हणालं, तरी पहिल्यांदा विचारायचं की यातलं भावामुळं किती आणि चोरीमुळं किती. विरोधी पक्षाच्या भाषणालाही हीच चाळणी लावा.

आमदार कुठला गाठायचा

जिल्ह्यात विधानसभेचे दहा मतदारसंघ आहेत: चंदगड, राधानगरी, कागल, कोल्हापूर दक्षिण, करवीर, कोल्हापूर उत्तर, शाहूवाडी, हातकणंगले, इचलकरंजी, शिरोळ. तुमचा आमदार मंत्री असेल तर तो प्रश्न विचारू शकत नाही, कारण उत्तर देणाऱ्या बाकावर तोच बसलेला असतो. कागल आणि राधानगरीचे आमदार डिसेंबर २०२४ मध्ये मंत्री झाले, तेव्हा तिथल्या लोकांनी शेजारच्या मतदारसंघाचं दार ठोठवायचं. विधान परिषदही विसरू नका. पुणे विभागाचे पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघ आपल्यालाही लागू आहेत, शिवाय जिल्ह्याचा स्थानिक प्राधिकारी संस्थांचा आमदार आहेच. परिषदेतले सदस्य अशा बारीक विषयाला बऱ्याचदा जास्त वेळ देतात, असा माझा अनुभव. त्यांच्या दारात गटारीच्या तक्रारींची रांग नसते.

भेटायला कधी जायचं? अधिवेशनं साधारण तीन. अर्थसंकल्पी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास आणि पावसाळी जून-जुलैच्या सुमारास मुंबईत, हिवाळी डिसेंबरात नागपुरात. प्रश्नांच्या सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्याव्या लागतात. अधिवेशन सुरू झाल्यावर पेढे घेऊन भेटायला गेलात तर पेढे तेवढे खपतील. किमान दोन महिने आधी कागद पोचला पाहिजे, आणि तो आमदारांच्या हातात देण्यापेक्षा त्यांच्या स्वीय सहाय्यकाच्या हातात द्या. लग्नाच्या मांडवात आमदारांच्या खिशात कोंबलेली निवेदनं कुठं जातात हे मी सांगत बसत नाही.

कागद एक पानाचा. वर विषय, मग चार ओळीत हकीकत, खाली जोडलेल्या पुराव्यांची यादी: शिक्का असलेलं निवेदन, माहिती अधिकाराचं उत्तर, कॅगचा परिच्छेद. आणि सोबत प्रश्नाचा तयार मसुदा. हा मसुदा दिलात तर तुमचं काम होण्याची शक्यता दुपटीनं वाढते, कारण नाहीतर तो माझ्यासारख्या कुणालातरी रात्री अकरा वाजता लिहावा लागतो.

प्रश्नाची भाषा

विधिमंडळाच्या प्रश्नाचा साचा ठरलेला आहे. आधी 'हे खरे आहे काय', मग 'असल्यास', 'असल्यास', आणि शेवटी 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' नवखा माणूस पहिला भाग असा लिहितो: "कोल्हापूर जिल्ह्यात घरगुती गॅसचा मोठ्या प्रमाणावर काळाबाजार होत आहे, हे खरे आहे काय?" त्यावर उत्तर येतं, "(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही." संपलं. सहा महिन्यांची मेहनत दोन ओळींत आटोपली.

पहिला भाग असा लिहायचा की 'नाही' म्हणायला जागाच राहू नये. तिथं तो गोल शिक्का कामाला येतो:

"(१) करवीर तालुक्यात घरगुती गॅस सिलिंडरचा व्यावसायिक वापर होत असल्याबाबतचे २२ ग्राहकांचे निवेदन जिल्हा पुरवठा अधिकारी, कोल्हापूर यांना माहे ऑगस्टमध्ये वा त्या सुमारास प्राप्त झाले, हे खरे आहे काय;

(२) असल्यास, उक्त निवेदनाच्या अनुषंगाने किती ठिकाणी तपासणी करण्यात आली व किती सिलिंडर जप्त करण्यात आले;

(३) असल्यास, किती प्रकरणी जीवनावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ अन्वये गुन्हे दाखल करण्यात आले;

(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?"

निवेदन मिळालं, हे नाकारता येत नाही. एकदा पहिल्या भागाला "हे खरे आहे" आलं की पुढच्या तिन्ही भागांना आकडा द्यावाच लागतो. 'वा त्या सुमारास' हे तीन शब्दही गाळू नका. तारखेत एका दिवसाची चूक झाली म्हणून "हे खरे नाही" असं उत्तर आलेलं मी वाचलंय. सगळ्यात मौल्यवान उत्तर मात्र "हे अंशतः खरे आहे". ते दिसलं की समजा आत काहीतरी सापडलंय आणि ते कमीत कमी शब्दांत सांगायचा प्रयत्न चाललाय. उपप्रश्न तिथंच टाकायचे.

प्रश्नात टोमणा, विशेषण, आरोप, तर्क असं काही चालत नाही. न्यायप्रविष्ट बाब चालत नाही. 'लुटारू एजन्सी' लिहिलंत की सचिवालय प्रश्न अमान्य करतं.

तारांकित प्रश्नाला मंत्री उभं राहून उत्तर देतो आणि उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर. सगळ्यांना तारांकित हवा असतो, पण यादीतले थोडेच तारांकित प्रश्न सभागृहात प्रत्यक्ष चर्चेला येतात, बाकीच्यांची उत्तरं पटलावर ठेवली जातात. आकडे हवे असतील तर अतारांकित काही वाईट नाही. विषय तातडीचा असेल, म्हणजे टाकीचा स्फोट झाला किंवा मोठा साठा पकडला, तर लक्षवेधी: विधानसभेत नियम १०५ खाली, परिषदेत नियम १०१ खाली. अन्नपूर्णा योजनेचा पैसा पुरवणी मागण्यांत किंवा अर्थसंकल्पात दिसला की त्यावर कपात सूचना, म्हणजे मागितलेली रक्कम कमी करा असं सुचवणारी सूचना, देता येते, तिचा उपयोग मुख्यतः बोलायची संधी मिळवण्यापुरता.

दिल्लीचं दार

कोल्हापूर आणि हातकणंगले असे आपले लोकसभेचे दोन मतदारसंघ. महाराष्ट्रातून राज्यसभेवर १९ सदस्य जातात, त्यांच्यापैकी कुणालाही लिहिता येतं. लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी लागते. दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न चिठ्ठीनं निवडले जातात, त्यामुळं एकाच खासदारावर भिस्त ठेवू नका. प्रश्न पेट्रोलियम व नैसर्गिक वायू मंत्रालयाला. तिथं "कोल्हापूर जिल्ह्यात" असं जिल्ह्याचं नाव आवर्जून घाला, नाहीतर सगळ्या देशाचा एक गोल आकडा मिळतो आणि त्याचं काही करता येत नाही. केंद्राच्या योजनांचा जिल्ह्यात आढावा घेणारी 'दिशा' समिती खासदारांच्या अध्यक्षतेखाली असते. तिच्या बैठकीत हा विषय घ्यायला सांगा, ते प्रश्नापेक्षा सोपं आहे.

समित्या, आणि त्यांचं काय खरं

सभागृह वर्षातले थोडे दिवस चालतं, समित्या बाकीचा वेळ. कॅगचा अहवाल मांडला गेला की तो लोकलेखा समितीकडं जातो. संसदेच्या लोकलेखा समितीत २२ सदस्य असतात, १५ लोकसभेचे आणि ७ राज्यसभेचे, आणि १९६७ पासून तिचा अध्यक्ष विरोधी पक्षाचा असण्याची प्रथा आहे. समिती सचिवांना समोर बसवून साक्ष घेते. तिथं मंत्र्यांचं भाषण कामाला येत नाही, फाइल उघडावी लागते. पेट्रोलियमसाठी संसदेची वेगळी स्थायी समितीही आहे, ती मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या तपासते. नागरिकांनी या समित्यांना लेखी निवेदन पाठवता येतं. आपल्या विधिमंडळातही लोकलेखा, अंदाज, सार्वजनिक उपक्रम, आश्वासन आणि विनंती अर्ज या समित्या आहेत.

मला सगळ्यात उपयोगी वाटते ती आश्वासन समिती, जिचं नाव कुणी घेत नाही. मंत्र्यानं सभागृहात "एक महिन्यात चौकशी करू" म्हटलं की ते आश्वासन नोंदलं जातं आणि पूर्ण झालं की नाही हे ती समिती बघते. लोकसभेत त्यासाठी तीन महिन्यांची मुदत आहे. म्हणून उत्तर आल्यावर कार्यवाहीतलं नेमकं वाक्य उतरवून ठेवा, आणि मुदत उलटली की आमदारांना त्या वाक्याची आठवण करून देणारं पत्र लिहा. हे काम कंटाळवाणं आहे, त्यामुळंच बहुतेक जण इथं सोडून देतात.

समित्यांबद्दल फार भोळं राहू नका. मे २०२५ मध्ये विधिमंडळाच्या अंदाज समितीचा दौरा धुळ्यात असताना तिथल्या शासकीय विश्रामगृहाच्या एका खोलीत १ कोटी ८४ लाखांची रोकड सापडली. आणि डिसेंबर २००५ मध्ये प्रश्न विचारायला पैसे घेतल्याबद्दल संसदेच्या ११ सदस्यांना काढून टाकलं होतं. तुमच्याकडं कुणी प्रश्न 'लावायचे' पैसे मागितले, तर उठून या आणि १०६४ ला, म्हणजे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला, फोन करा. पैसे देऊन लावलेला प्रश्न त्याहून जास्त पैसे मिळाले की मागं घेतला जातो.

जपून

सदस्य सभागृहात जे बोलतो त्याला राज्यघटनेच्या १०५ आणि १९४ या अनुच्छेदांचं संरक्षण आहे. तुम्ही व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर जे लिहिता त्याला नाही. एजन्सीचं नाव घालून 'चोर' असं स्टेटस ठेवलंत तर अब्रुनुकसानीची नोटीस तुम्हाला येईल, आणि आमदार तेव्हा नागपुरात असतील. नाव फक्त तक्रारीत आणि पुराव्यात.

दुसरी गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. जुन्या लोकांना रेशनचं निळं रॉकेल आठवत असेल. सामान्य रॉकेलपासून ओळखू यावं म्हणून त्यात रंग घालत, तरी ते टँकरनं भेसळीला जायचंच. २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ अशी भेसळ पकडायला गेलेले मालेगावचे अप्पर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना माफियांनी पेटवून मारलं. त्याआधी नोव्हेंबर २००५ मध्ये उत्तर प्रदेशात लखीमपूर खीरीला इंडियन ऑइलचे अधिकारी मंजुनाथ यांचा खून झाला, तोही पंपावरची भेसळ पकडल्यामुळं. तेव्हा गोदामासमोर उभं राहून गाड्यांचे फोटो काढायला एकट्यानं जाऊ नका. तपासणी करायला पुरवठा निरीक्षक आहे, त्यालाच जायला लावा. तक्रारीवर एकाची सही नको, वीस जणांची असू दे.

आमच्या प्रश्नाला उत्तर आलं ते "हे अंशतः खरे आहे" असं. तपासण्यांचा आणि जप्त टाक्यांचा आकडा आला, अपेक्षेपेक्षा लहान. मावशींच्या पाच टाक्यांचं काय झालं ते त्यात नव्हतं, असणारही नव्हतं. पण मधल्या काळात त्यांच्या कनेक्शनवरचा मोबाइल नंबर बदलून मिळाला आणि पुढच्या बुकिंगला पहिल्यांदा कोड त्यांच्या फोनवर आला. फोन हातात धरून त्या थेट आमच्या दारात.

"ह्यो आकडा आला बघ. आता कुणाला सांगू?"

"टाकी उंबऱ्याच्या आत आली की सांगा. आधी नाही."